तोंड शिवलेली सॅक

आमच्या तालुक्यात पायी चालणाऱ्या माणसाची कीव करतात. धडधाकट माणूस पाठीवर ओझं घेऊन सडकेच्या कडेनं चाललेला दिसला, की एकतर त्याची बस चुकली असणार नाहीतर घरी भांडण झालं असणार. याहून तिसरं कारण कुणाला सुचत नाही. अशा मुलखात पन्नाशीला टेकलेली मी मराठीची शिक्षिका हौसेनं ओझं घेऊन चालायला निघाले, तेव्हा सगळ्यात आधी हसून घेतलं ते आमच्या ह्यांनी.

झालं असं, की आमच्या शाळेतली मुलंमुली एप्रिल संपता संपता हिमाचलात आठ दिवसांच्या पायी मोहिमेवर जाणार असं ठरलं. सगळं सामान आपापल्या पाठीवर, मुक्काम तंबूत. शहरातली एक संस्था त्यांना नेणार होती आणि त्यांचा एक तरुण प्रशिक्षक हिवाळाभर दर रविवारी आमच्या गावी, तीर्थपुरीला येऊन तयारी करून घेणार होता. मुलांसोबत आमचे क्रीडाशिक्षक होतेच. पण मुली न्यायच्या तर शाळेची एक बाई हवी, असा संस्थेचा नियम होता. तीही स्वतःचं ओझं स्वतः वाहणारी. ती तयारीत नापास झाली तर सगळ्या मुली घरी.

शाळेत आम्ही तिघी. एकीचं बाळ तान्हं होतं, दुसरीच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकीचं मी बघतो." बाकीचं म्हणजे माझे पाय होते, आणि ते त्यांना कसे बघता येणार होते कोण जाणे. पण मी हो म्हणाले.

आमच्या ह्यांचं खताचं दुकान आहे. ते म्हणाले, "ओझं उचलायचं आसंल तर मी हमाल देतो. तू कशाला? गच्चीवर पापड वाळू घालून आली की तासभर पंख्याखाली पडून राहतीस." हे खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. त्या दिवशी मी गच्चीवर चार वेळा जाऊन आले आणि पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पहिली अडचण सॅकची होती. विकतच्या सॅक आम्हाला झेपणाऱ्या नव्हत्या. तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझे अब्बा शिवतील." तिचे अब्बा म्हणजे बाजारातले मास्टर. जीपच्या सीटची कव्हरं आणि हूड शिवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. त्यांनी प्रशिक्षकाची सॅक उलटीपालटी करून पाहिली, नाक मुरडलं आणि आठवडाभरात आमच्या सगळ्यांच्या सॅक शिवून दिल्या. रेक्झीनच्या. कडेनं सोनेरी पायपिंग. मुलांना चित्त्याच्या ठिपक्यांची कव्हरं फार आवडली आणि त्यावरून दोघांची मारामारी झाली. माझी सॅक मरून रंगाची होती. ती पाठीला लावली की वाटायचं, जीपचं पुढचं सीट उपटून घेऊन चालले आहे. घाम इतका यायचा की पाठ धुऊन निघायची, पण शिवण अशी की दोन बैलांनी ओढली तरी उसवणार नाही.

सॅक द्यायला मास्टर स्वतः शाळेत आले होते. जाताना म्हणाले, "मॅडम, पोरगी लई मागं लागलीय. तिची अम्मी न्हाई म्हनती, मामू न्हाई म्हनतो. मी म्हनलो, मॅडम जात आसतील तर जाऊ द्यू. तुमी हाव म्हनून हाव. तुमी न्हाई तर बिलकुल न्हाई." पोरगी दाराआडून ऐकत होती. तिचे डोळे पाहिले आणि मला पहिल्यांदा कळलं, की मी नुसतं हो म्हणून मोकळी झालेली नाही.

दिवाळीनंतर सराव सुरू झाला. प्रशिक्षक म्हणाला, "सॅकमध्ये वजन म्हणून काहीही भरा." काहीही म्हटल्यावर आमच्या लोकांनी काहीही भरलं. एका मुलानं वरवंटा आणला. त्याच्या आईचा निम्म्या वाटेवरच फोन आला, की चटणी वाटायची खोळंबलीय, तो आधी परत पाठव. बाकीच्यांनी भरली मोसंबी. घरची बाग, घरची मोसंबी, वजनाला बरी. गोदावरीकडच्या पांदीनं, शेतांमधल्या कच्च्या वाटेनं, जाऊन परत यायचं होतं. जाताना पोरं वाकून चालत होती. येताना बागडत आली. गावाच्या तोंडाशी प्रशिक्षकानं एकेक सॅक उचलून पाहिली तर रिकामी, आणि मागे पांदीभर सालींची रांग.

"अरे, वजन कुठंय?" तो ओरडला.

वरवंट्याचा मालक शांतपणे म्हणाला, "पोटात हाय की सर. वाहूनच राह्यलो."

क्रीडाशिक्षकांचं त्या दिवशी वेगळंच होतं. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा अशा थाटात निघालेले सर पहिल्याच वळणावर एका ओळखीच्या मोटारसायकलवर बसले. का, तर पुढच्या वाटेची पाहणी करायला. पाहणी करत ते थेट स्वतःच्या घरी पोचले आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन आम्हाला शाबासकी द्यायला आले. पण त्यांना तरी किती दोष द्यायचा? दर पावलाला कुणीतरी गाडी थांबवायचंच. एका काळ्या-पिवळ्या जीपचा चालक माझा जुना विद्यार्थी. तो जीप माझ्या चालीनं चालवत खिडकीतून अजिजी करत राहिला, "बसा ना मॅडम. मी जिता आसताना तुमी पायी चालाव का? लोक मला काय म्हनतील?" त्याला परत पाठवायला मला वर्गातला आवाज काढावा लागला.

प्रशिक्षकानं मग कडक नियम केले. गाडीवर बसेल तो बाद. सॅकमध्ये फक्त ज्वारी, कापडी पिशव्यांत बांधून, कारण कच्ची ज्वारी कुणी खात नाही. निघताना ताणकाट्याला सॅक अडकवून वजन करायचं आणि पोचल्यावर पुन्हा. कमी भरलं तर बाद. संक्रांत झाली की पहिल्या रविवारी शेवटची परीक्षा: घनसावंगी ते तीर्थपुरी, पांदीनं, पूर्ण ओझ्यासकट.

परीक्षेच्या आदल्या रविवारी त्याच वाटेवरच्या सरावात माझी फजिती झाली. अर्ध्या वाटेवर एक बाभूळ आहे, तिथं मी टेकले आणि मला उठताच येईना. सॅक मागे ओढायची. मी पुढे झुकायची, सॅक मला परत बसवायची. शेवटी चार पोरींनी मला चिखलात बसलेल्या म्हशीसारखी उठवली. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्टरांची पोरगी तर अशी बघत होती, की जणू तिचं हिमाचल त्या बाभळीखालीच संपलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. बसनं घनसावंगीला गेलो, काट्यावर वजनं झाली, प्रशिक्षकानं ती वहीत टिपली आणि तो मोटारसायकलनं पुढे तीर्थपुरीला गेला. आता एक सांगायला हवं. हा प्रशिक्षक शहरातला, त्यात बिनलग्नाचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे काय चालतं याची त्याला कल्पना नव्हती. त्या दिवसांत सवाष्ण बाई दारावरून जाणार आणि तिला हळदीकुंकू न लावता, वाण न देता पुढे जाऊ देणार, असं घर आमच्या पांदीवर नाही. त्यात मी शिकवलेल्या पोरींची, त्यांच्या आयांची ती घरं. मला तरी हे आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

पहिल्याच वस्तीवर एक बाई करंडा घेऊन वाटेत उभी. म्हटलं, "अगं, परीक्षा चालूय माझी, नंतर येते."

"परीक्षा ऱ्हाऊ द्या मॅडम. सवाष्ण बाई दारावरून कोरडी जाऊ द्यू का मी?"

सॅक विहिरीपाशी पोरींजवळ ठेवून मी ओसरीवर गेले. हळदीकुंकू, तिळगूळ, गव्हाची ओटी, वर नारळ, वाण म्हणून स्टीलची वाटी. पदर सांभाळत परत आले, ते सगळं सॅकमध्ये कोंबलं, सॅक उचलली आणि काय आश्चर्य, ती अलगद वर आली! नारळ घालूनही हलकी. मला वाटलं, दोन-अडीच महिन्यांची मेहनत फळाला आली. मी चालता चालता मागे वळून मुलांना भाषणच दिलं. म्हटलं, "बघा पोरांनो, सराव म्हणजे काय चीज असते! मागच्या रविवारी मी बसले होते, आज बघा." पोरींनी माना डोलावल्या. त्या जरा वाकून चालत होत्या. मी त्यांना ताठ चालण्याविषयी दोन शब्द सुनावले.

तोवर माझी खबर फोनवरून पुढच्या वस्त्यांवर पोचली होती. बायका करंडे घेऊन आधीच बांधावर येऊन थांबलेल्या. एकीनं गाळणी दिली, एकीनं साबणदाणी, एकीनं डाव. ओटी तर प्रत्येकीनंच भरली. पोरी म्हणायच्या, "मॅडम, आमच्याकडं द्या ना ते." मी म्हणायची, "नाही, नेत्यानं आपलं ओझं आपणच वाहायचं." क्रीडाशिक्षकांना प्रत्येक घरी फक्त तिळगूळ मिळाला आणि ते जरा खट्टूच झाले. अर्धी वाट येईतो माझी सॅक पुन्हा जड लागायला लागली. वाटलं, दमले असेन. पण त्या बाभळीखाली मी टेकले नाही, तिच्याकडे ठसक्यात पाहून पुढे गेले.

प्रशिक्षक गावात थांबणार होता, पण तो आम्हाला सामोरा आला. शिवारातल्या शेवटच्या विहिरीअलीकडेच त्यानं लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगला होता. त्याला पाहून पोरींची तोंडं एकदम उतरली. मास्टरांच्या पोरीनं तर सॅक खाली ठेवायलाच नकार दिला. मी म्हटलं, थकलीय बिचारी.

पोरींच्या सॅक एकामागून एक काट्यावर चढल्या. प्रत्येकीचं वजन निघताना होतं त्याहून जास्त भरलं. प्रशिक्षकानं काट्याला टिचकी मारली. मग माझी सॅक चढवली. पोरींनी श्वास रोखले. माझंही जास्त भरलं.

"मॅडम, मोसंबीच्या वेळी वजन कमी झालं ते समजलं," तो म्हणाला. "हे वाढलं कसं?"

मी सॅकचं तोंड उघडून एकेक वस्तू मातीवर मांडत गेले. नारळ, गहू, खण, वाट्या, गाळणी, डाव. त्या बिचाऱ्याला वाण म्हणजे काय हे समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. पोरींनाही दारोदारी काहीबाही मिळालं असेल, असं आम्ही दोघांनी धरून टाकलं. शेवटी तो म्हणाला, "कमी भरलं तर बाद, असा नियम आहे. जास्त भरलं तर काय, ते मी लिहिलेलंच नाही. मॅडम, तुम्ही पास." मुलांनी टाळ्या वाजवल्या. पोरी मात्र एकमेकींकडे बघत राहिल्या.

घरी येऊन सॅक रिकामी केली. आमचे हे नारळ बघून म्हणाले, "तू चालायला गेल्ती का ओटी भरून घ्यायला?" मी उत्तर देणार, तर हात सॅकच्या तळाशी गेला. ज्वारीच्या पिशव्या काही सापडेनात. एक होती, बाकीच्या नव्हत्या. वाटेत पडल्या म्हणावं तर मास्टरांची शिवण उसवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्टर पोरीला घेऊन दारात उभे. पोरीचे डोळे सुजलेले. म्हणाले, "बोल मॅडमला." ती बोलली. पहिल्या वस्तीवर मी ओसरीत गेले तेव्हा पोरींनी माझ्या सॅकमधली ज्वारी काढून आपापल्या सॅकमध्ये वाटून घेतली होती. शेवटच्या विहिरीवर परत भरायची, असं ठरलेलं. पण प्रशिक्षक अलीकडेच भेटला. वाणाच्या नारळांनी वजन भरून निघालं, म्हणून सगळ्या वाचलो.

मला आधी राग आला. मग ते माझं सरावावरचं भाषण आठवलं आणि कानशिलं तापली. पण सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोरींनी मला जीव लावला होता. माझ्यावर भरवसा मात्र टाकला नव्हता. मी म्हटलं, "अगं, मला सांगायचं तरी."

"मॅडम, तुमी बाभळीखाली बसल्ता ना," ती रडत म्हणाली, "मला वाटलं, आता आपलं जायचं ऱ्हायलं."

मी लगेच प्रशिक्षकाला फोन लावला. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, नियमात बसतंय, पास ते पास. पण मास्टर पास करेनात. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, गुस्सा करू नका. मी पोरीला तुमच्या भरवशावर धाडून राह्यलो. तुमाला पोरीच्या पाठीवर धाडून राह्यलो न्हाई. तिकडं पहाडावर तिचं वज्झं ती उचलंल का तुमचं?"  

मी म्हटलं, "मास्टर, येत्या रविवारी मी पुन्हा चालते. तुमची पोरगी सोबत राहू द्या. तिनं हात लावायचा नाही."

"ठीक हाय," मास्टर म्हणाले. "मंग सॅक माझ्याकडं आना पैले."

रविवारी सकाळी मी ज्वारी भरलेली सॅक त्यांच्या दुकानात नेली. त्यांनी दाभण काढलं, मेण लावलेला जाड दोरा ओवला आणि सॅकचं तोंड बारीक टाके घालून शिवून टाकलं. "आता कुनी काढनार न्हाई, आन् कुनी भरनार बी न्हाई," म्हणाले. बाजारातली चार माणसं हे बघायला जमली. हसू फुटू नये म्हणून ती माझ्याकडे न बघता सॅककडेच बघत होती.

बसनं घनसावंगीला जाऊन आम्ही दोघी आपापल्या सॅक पाठीवर घेऊन निघालो. जीपवाला भेटलाच. जीप हळू करून म्हणाला, "मॅडम, परीक्षा तर मागंच झाली न्हाई का तुमची?"

"पेपर फुटला होता," मी म्हटलं.

वस्त्यांवरच्या बायका पुन्हा बांधावर. रथसप्तमी व्हायची होती. मी सांगितलं, कुंकू लावा, तिळगूळ तोंडात घाला, बाकी काही नको, सॅकचं तोंड शिवलंय. एक म्हातारी कितीतरी वेळ टाके चाचपत राहिली. मग म्हणाली, "कोन्या नवऱ्यानं शिवलं गं बाई? येवढं बी अविश्वासू आसू न्हाई." आमचे हे तिथं नव्हते म्हणून बरं.

बाभूळ आली आणि माझे पाय गेले. आधीच्या रविवारचा ठसका हा हलक्या ओझ्याचा होता, हे पायांना माझ्याआधी कळलं असावं. मी खाली बसले. पाणी प्यायले. उठायला गेले, सॅकनं मागे खेचलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पोरगी पटकन पुढे आली, तिचा हात माझ्या दंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तिनं दोन्ही हात पाठीमागे सॅकखाली नेले आणि एकमेकांत गच्च अडकवले. ओठ घट्ट मिटून ती रडत होती, पण जागची हलली नाही.

मग मी आयुष्यभराची अब्रू गुंडाळून ठेवली. कुशीवर लवंडले, मग चारी हातापायांवर आले. रेक्झीनची सॅक पाठीवर, पदर मातीत, तोंड बाभळीकडे. एक गुडघा उचलला, मग दुसरा. बुंध्याला धरून उभी राहिले. दूरवर कुणीतरी मोटारसायकल थांबवून बघत होतं. बघेना का. पोरगी तेव्हा हुंदक्यांतून हसली आणि मलाही हसू फुटलं. पुढच्या वाटेवर माझा सगळा दम चालण्यातच गेला.

मास्टर दुकानाच्या फळीवर बसलेले होते. मी सॅक त्यांच्यापुढे टेकवली. ताणकाटा नव्हता, त्यांनी मागितलाही नाही. चष्मा लावून ते एकेक टाका बोटानं बघत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पात्यानं दोरा कापला, आत हात घालून ज्वारीच्या पिशव्या चाचपल्या आणि माझ्या खांद्याकडे पाहिलं. पट्ट्यानं तिथं लाल वळ उठले होते.

"पट्ट्याला अस्तर पाह्यजे," ते म्हणाले. "आजच लावून देतो." आणि सॅक मशीनवर चढवता चढवता, मान वर न करता, पोरीला म्हणाले, "जा. अम्मी को बोल, मेरा वो पुराना स्वेटर निकाल के रख."

पोरगी घराकडे धावत सुटली. तिची सॅक अजून पाठीवरच होती, ती उतरवायचं तिला सुचलंच नाही.